अल्पायुषी मुलाचा माग (व्हिक्टोरिया वसाहत)

एकोणिसाव्या शतकात ब्रिटन-आयर्लंडहून ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत आलेल्या कुटुंबातला मुलगा लहानपणी किंवा ऐन तारुण्यात गेला, की त्याच्या नावावर बहुधा जमीन नसते, मृत्युपत्र नसते, पुढे वंशही नसतो. तो उरतो इतरांच्या कागदांत. त्यामुळे शोध आईबाप आणि भावंडांपासून सुरू करणेच शहाणपणाचे. जनगणनेवर भिस्त ठेवू नये. आकडे काढून झाल्यावर घराघरांची पत्रके नष्ट केली गेली.

सरकारी नोंदणी १ जुलै १८५३ रोजी सुरू झाली. त्याआधीचे बाप्तिस्मे आणि दफने चर्चच्या वह्यांत पाहावी लागतात. विल्यम हेन्री आर्चर यांनी आखलेल्या या नोंदणीचे दाखले फार तपशीलवार असतात. मृत्यूच्या दाखल्यात आजार किती दिवस चालला, डॉक्टरने शेवटचे कधी पाहिले, आईचे माहेरचे आडनाव, वसाहतीत किती वर्षे काढली आणि दफन कुठे झाले, एवढे मिळते. माहिती देणाऱ्याचा रकाना आवर्जून वाचावा. आई बोलली की शेजारी, यावर वयाची आणि नावांची विश्वासार्हता ठरते.

मृत्यूची नोंद सापडत नसेल तर धाकट्या भावंडांचे जन्मदाखले मागवावेत. त्यांत आधीच्या अपत्यांची नावे, वये आणि कोण वारले हे लिहिलेले असते. समजा, १८६१च्या दाखल्यात ‘जॉन, ४’ हयात आहे आणि १८६३च्या दाखल्यात तो मृतांत आहे. शोध दोन वर्षांवर आला. इथेच मोठी चूक होते. वारलेल्या मुलाचे नाव पुढच्याला ठेवण्याची रीत होती, आणि दोन जॉन मिळून एकच आयुष्य तयार होते. आडनावाची स्पेलिंगही कारकुनाने ऐकली तशी उतरलेली असते.

मुलगा बुडून, भाजून किंवा घोड्यावरून पडून गेला असेल तर कॉरोनरची, म्हणजे अपघाती वा संशयास्पद मृत्यूचे कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी पाहावी. व्हिक्टोरियाच्या सरकारी अभिलेखागारात, म्हणजे पब्लिक रेकॉर्ड ऑफिसात, १८४०पासूनच्या फायली आहेत. शेवटचे त्याला कोणी पाहिले, पाणी किती खोल होते, हे आईच्या किंवा शेजाऱ्याच्या जबानीत येते. एरवी मुक्या राहिलेल्या घराचा आवाज ऐकू येतो तो याच पानांवर. मग ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर स्थानिक वृत्तपत्रे चाळावीत, यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरे चुकतात, म्हणून नावाऐवजी गाव, ओढा आणि तारीख टाकून पाहावे.

प्रसिद्ध माणसाचीही जन्मतारीख हुकते. बेव्हरिज गावच्या आयरिश कुटुंबातला, पुढे दरोडेखोर म्हणून गाजलेला नेड केली नोंदणी सुरू झाल्यावर जन्मला, तरी त्याच्या जन्माची नोंद सापडत नाही. मार्च १८६५मध्ये शाळा तपासनिसाने त्याचे वय १० वर्षे ३ महिने टिपले. त्यावरून डिसेंबर १८५४ निघतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चरित्रकोशात मात्र जून १८५५ आहे. अशा वेळी एक तारीख ठोकून न देता दोन्ही आधारांसह लिहाव्यात. ११ नोव्हेंबर १८८० रोजी त्याला मेलबर्नच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे अवशेष पेंट्रिजच्या तुरुंगात हलवले गेले, २०११मध्ये डीएनएवरून ओळख पटली आणि २०१३मध्ये ग्रेटा इथे दफन झाले.

सामान्य मुलाच्या थडग्यावर बहुधा लाकडी खूण असे. ती कुजते किंवा वणव्यात जळते. तेव्हा दफनभूमीच्या वहीतला जागेचा क्रमांक घ्यावा, आणि शेजारच्या दोन्ही जागाही तपासाव्यात. भावंडे अनेकदा तिथेच असतात.