वीज कोणाची, धूर कोणाच्या खात्यावर

चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची एक अतिउच्चदाब वीजवाहिनी जाते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या वाहिनीची क्षमता १,५०० मेगावॉट आहे. कोळसा जळतो विदर्भात. कारखाने, लोकल आणि वातानुकूलित इमारती चालतात सह्याद्रीपलीकडे. कोळशापासून एक युनिट वीज करताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि तो लिहिला जातो चिमणी जिथे उभी आहे त्या जिल्ह्याच्या खात्यावर.

ही विभागणी आपोआप झालेली नाही. वरोऱ्यात इंग्रजांच्या काळातच कोळसा निघू लागला होता. खाणींच्या राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी, म्हणजे आपली वेकोलि, स्थापन झाली आणि मुख्यालय नागपुरात आलं. त्याच सुमारास नागपूरजवळच्या कोराडीचे वीजसंच सुरू झाले, ऐंशीच्या दशकात चंद्रपूर आणि खापरखेड्याचे. आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा राखच असते. ती रेल्वेने मुंबईपर्यंत वाहून नेण्यापेक्षा खाणीशेजारी वीज करून तारेने पाठवणं स्वस्त, हा अभियंत्यांचा हिशेब चोख होता. राख आणि धूर सोसणाऱ्या गावांची किंमत मात्र त्यात कुणी धरली नाही. पुढे नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याला एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीचं केंद्र आलं. तिथली वीज तर गुजरात आणि मध्य प्रदेशालाही जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर, आवारपूर, घुग्घुसच्या सिमेंटची गतही तीच. भट्टी इथे, इमारत दुसरीकडे.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो अनुशेषाचा, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांच्या तुटीचा, इतिहास. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला न्याय्य वाटा देण्याचं वचन होतं. दांडेकर समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, ग्रामीण विद्युतीकरण अशी क्षेत्रं मोजून राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा ठरवला. काम मोठंच होतं, पण मोजलं गेलं ते काय मिळालं नाही एवढंच. दुसऱ्यांसाठी आपण काय सोसलं, याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. म्हणून विजेच्या अनुशेषावर विधिमंडळात वर्षानुवर्षं भांडणं झाली, आणि ती वीज तयार करताना उडालेल्या राखेवर फार कमी.

असा रकाना मांडण्याची रीत अर्थशास्त्रात जुनी आहे. कोणत्या उद्योगाचा माल कुठे खपतो याची कोष्टकं वासिली लिओंटिएफ यांनी मांडली, त्यासाठी त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं, आणि प्रदूषणही त्याच कोष्टकात बसवता येतं हे त्यांनीच १९७० मध्ये दाखवलं. चीनच्या प्रांतांचा असा हिशेब २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातलं ५७ टक्के उत्सर्जन माल तयार करणाऱ्या प्रांताबाहेरच्या खपासाठी होत होतं, आणि किनाऱ्यावरच्या श्रीमंत प्रांतांचा भार आतल्या गरीब प्रांतांवर पडत होता. नागपूरकराला हे चित्र ओळखीचं वाटेल.

इकडे परिणाम साचत राहिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या औद्योगिक प्रदूषण निर्देशांकात सर्वाधिक प्रदूषित ठिकाणांमध्ये चंद्रपूर देशात चौथं होतं. जुलै २०२२ च्या पावसात कोराडीजवळ खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत उतरली.

भरपाईची एक वाट निघाली होती. २०१० पासून कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० वर गेला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हाच पैसा जीएसटीमुळे राज्यांचा बुडालेला महसूल भरून देण्याकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. जीएसटी हा खपाच्या ठिकाणी जमा होणारा कर आहे; राख सोसणाऱ्या गावांसाठी तो राखून ठेवलेला नसतो. त्याआधी, मे २०२३ मध्ये, कोराडीत ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली होती, आणि नागपूरच्या अनेक नागरिकांनी तिथे उभं राहून विरोध नोंदवला.