पावतीची तारीख : नागपूरच्या खरेदी विभागात तंत्रज्ञान कसं आलं

एम्प्रेस मिलसाठी जमशेटजी टाटांनी नागपूर निवडलं ते पुरवठा पाहून. कापसाचा मुलूख हाताशी होता, कोळसा जवळ होता आणि 1867 मध्ये रेल्वेही आली होती. 1 जानेवारी 1877 ला मिल सुरू झाली. त्या काळी माल अडत्या आणि दलालामार्फत येई. देणंघेणं रोजमेळात चढायचं, तिथून खतावणीत जायचं. वही मात्र दोघांची वेगळी. खाती जुळवायला बसलं की फरक निघायचा आणि समोरासमोर मिटायचा.

1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. पुढे हिंगणा आणि त्यानंतर वर्धा रोडवर बुटीबोरी या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. मोठ्या कारखान्यांभोवती फॅब्रिकेशन आणि मशिनिंगची छोटी शॉप जमली. पीओच्या (खरेदी आदेशाच्या) तीन प्रती, चलन, गेट एन्ट्री, स्टोअरचं बिन कार्ड (कप्प्यातल्या मालाचं नोंदपत्र) हा कागद वाढला, पण प्रत्येकाची वही वेगळीच राहिली. 1986 मध्ये सुरू झालेल्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने काम सोपं केलं, 1992 च्या एसएपी आर/3 सारख्या ईआरपीने, म्हणजे सगळ्या विभागांच्या एकत्र सॉफ्टवेअरने, खरेदी, स्टोअर आणि अकाउंट्स एका धाग्यात आणले. दोन्हींत दिसायची ती एकाच पक्षाची बाजू. दोन कंपन्यांच्या संगणकांनी थेट बोलावं म्हणून अमेरिकेत 1979 पासून ईडीआयची एक्स12 प्रमाणकं आणि 1987 मध्ये संयुक्त राष्ट्रांचं एडिफॅक्ट आलं. पण त्याला लागणारा खर्च आणि ठरीव साचा दोन लेथवाल्या शॉपला झेपणारा नव्हता. त्याच्या वाट्याला फोन, ईमेल आणि एक्सेलच आले.

पुरवठादारांची वर्गवारी करण्याची रीतही याच काळातली. व्यवस्थापन सल्लागार पीटर क्राल्जिक यांनी 1983 मध्ये दोन प्रश्नांवर तक्ता मांडला: या मालाचा नफ्यावर परिणाम किती, आणि तो न मिळण्याचा धोका किती. तक्ता आजही उपयोगी आहे, पण आमच्या मते बहुतेक भांडणं त्याच्या बरीच आधी, आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या मालाच्या मूळ यादीत, सुरू होतात.

50×6 मिमीचा एमएस फ्लॅट, म्हणजे माइल्ड स्टीलची पट्टी, घ्या. सूत्राने वजन मीटरला 2.355 किलो, म्हणजे 6 मीटरच्या नगाला 14.13 किलो. पीओ निघाली 200 नगांची, स्टोअरने नग मोजून माल मिळाल्याची पावती (जीआरएन) केली आणि सिस्टिमने 2,826 किलो धरले. इतवारीच्या लोहाओळीतला व्यापारी बिल लावतो काट्याच्या वजनावर, समजा 2,880 किलो. हे 54 किलो म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. रोलिंगमध्ये जाडी एवढी इकडेतिकडे होतेच. कोणी लबाडी केलेली नसते. तरी पीओ, पावती आणि बिल यांची तिहेरी जुळणी अडते, बिल होल्डवर जातं, आणि पुरवठादाराला ते कळतं तो पैसे मागायला येतो तेव्हा. इलाज साधा आहे: खरेदीचं एकक किलो ठेवा, नगांचा रकाना वेगळा द्या, कोणत्या काट्याचं वजन ग्राह्य ते पीओवर लिहा आणि वजनात किती टक्के फरक चालेल ते सिस्टिममध्ये भरा. त्याच फ्लॅटला ‘एमएस फ्लॅट’, ‘एम एस पट्टी’, ‘फ्लॅट 50x6’ असे तीन कोड असतील तर मागचा दरही सापडत नाही.

दोन्ही पक्षांपुढे एकच नोंद आणली ती 1 जुलै 2017 च्या जीएसटीने. पुरवठादाराने जीएसटीआर-1 हा विक्रीचा रिटर्न पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत भरला की 14 तारखेला खरेदीदाराच्या 2बी या आपोआप तयार होणाऱ्या पत्रकात ते बिल दिसतं. 1 जानेवारी 2022 पासून त्यात न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. तिमाही रिटर्न भरणारा छोटा पुरवठादार आयएफएफ या दरमहा बिलं नोंदवायच्या सोयीत 13 तारखेपर्यंत बिल टाकायला विसरला, तर ते क्रेडिट तिमाही संपेपर्यंत लांबू शकतं. 5 कोटींवरच्या उलाढालीला 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं झालं. त्याखालच्यांची बिलं अजून हातानेच चढतात, म्हणून क्रमांकातला एखादा शून्य किंवा तिरपी रेघ चुकून जुळणी बिघडते.

पैशाच्या तारखेला धार आली ती त्यानंतर. छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे देणं बंधनकारक केलं. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. हक्क सांगितला तर पुढचं काम जाईल या भीतीने छोटा माणूस गप्प बसे. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम 43ब (एच) 1 एप्रिल 2024 ला लागू झालं आणि मुदत उलटलेलं, वर्षअखेरीस थकलेलं बिल त्या वर्षाच्या खर्चात धरणं बंद झालं. मग अकाउंट्स विभाग स्वतःच तारखा पाहू लागला.

हे दिवस मोजायचे माल स्वीकारल्यापासून. माल आल्यापासून 15 दिवसांत लेखी आक्षेप नसेल, तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा मानला जातो. तपासणी रखडली म्हणून जीआरएन दहा दिवस उशिरा टाकली, तर पडद्यावर देय तारीख पुढे सरकते, कायद्यात सरकत नाही. गेट एन्ट्रीची तारीख जीआरएनमध्ये आपोआप यावी. पुरवठादाराच्या लॉगिनला स्वीकारलेलं वजन, नाकारल्याचं कारण आणि देय तारीख, हे तिन्ही दिसावं. नुसतं बिल अपलोड करून घेणारं पोर्टल फक्त टपालपेटीचं काम करतं. ट्रेड्स या बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावरही खरेदीदाराने बिल मान्य केल्याशिवाय बँका बोली लावत नाहीत. 2024 च्या अधिसूचनेने 250 कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना तिथली नोंदणी सक्तीची केली, पण मान्यतेची ती एक क्लिक अजून माणसाच्याच हातात आहे.

व्हेंडर मास्टरमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या यादीत, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) क्रमांकाबरोबर मुख्य व्यवसायाचा रकानाही भरावा. हिंगण्यातलं पार्ट बनवणारं शॉप या 45 दिवसांत येतं. लोहाओळीतला व्यापारी उद्यमवर नोंदलेला असला तरी येत नाही, कारण त्याची नोंदणी फक्त अग्रक्रम क्षेत्रातल्या कर्जापुरती आहे. सिस्टिमने दोघांना एकच खूण लावली, की मार्चअखेरची थकलेल्या बिलांची यादी चुकते.