घोटीव चुन्याचा गिलावा

विरवलेल्या चुन्याचे पातळ थर आतल्या भिंतीवर चढवून, ते ओलसर असतानाच पोलादी करणीने किंवा गुळगुळीत दगडाने घासून चकाकी आणण्याची पद्धत. राजस्थानातील आराइश, तमिळनाडूच्या चेट्टिनाड भागातील अंड्याचा पांढरा बलक घातलेला गिलावा, मोरोक्कोतील तादेलाक्त आणि व्हेनिसचा मार्मोरिनो ही याच कुळातील कामे. महाराष्ट्रात याचे साधे रूप ‘नीरू’ या नावाने घरोघरी होते. इमारतीच्या कामाच्या बोलीत ‘आत नीरू, बाहेर सँडफेस’ (म्हणजे वाळूचा खरखरीत गिलावा) हा ठरलेला शब्दप्रयोग होता. पुढे पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) आणि तयार पुट्टी आली आणि नीरू मागे पडला. आता घराच्या नूतनीकरणात हा गिलावा परदेशी नावाने आणि बऱ्याच चढ्या भावाने परत येत आहे.

चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी घातले की ती उकळ्या फुटल्यासारखी तापते, फुटते आणि विरते. हा विरलेला चुना भिंतीवर गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषून घेतो व पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे पूर्ण पिकलेला गिलावा हा रासायनिक दृष्ट्या दगडाचा पातळ थरच असतो. पीओपीचे तसे नाही. तो जिप्समपासून होतो, काही मिनिटांत घट्ट होतो आणि सततच्या ओलीपुढे टिकत नाही.

अंतिम थरासाठी शुद्ध चुना लागतो. आयएस ७१२ या भारतीय मानकात चुन्याचे ए ते एफ असे वर्ग आहेत, त्यांतला सी वर्ग हा. तो पाण्याखाली जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. बांधकामाच्या जुन्या कायद्यांनुसार तीन वर्षांहून ताजा चुना वापरायला कंत्राटदाराला मनाई होती, अशी नोंद पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनीने केली आहे. आराइशवालेही चुना महिनोन्‌महिने भिजत ठेवतात, त्यात दही घालतात आणि पाणी बदलत राहतात. घाईने विरवलेल्या चुन्यात न फुटलेले बारीक खडे राहतात. ते भिंतीवर गेल्यावर केव्हातरी ओल धरतात, फुगतात आणि चकाकत्या पृष्ठभागावर टिकलीएवढा खड्डा पाडून बाहेर येतात. म्हणून चुना कापडातून किंवा बारीक चाळणीतून गाळून घेणे हा कामातला कंटाळवाणा, पण टाळू नये असा भाग.

अस्तरासाठी, म्हणजे खालच्या जाड थरासाठी, एवढी नजाकत लागत नाही. तिथे चुना आणि वाळू, ओलीची जागा असेल तर सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचे दगडी चाक आजही पडलेले दिसते. बैल फिरवून त्यात चुना, वाळू मळली जाई. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, ताग असे पदार्थही जुन्या चुन्यात पडत. कोणी लवकर घट्ट होण्यासाठी, कोणी भेगा रोखण्यासाठी ते घाली. हे सगळे एकदम घातले की गिलावा शंभर वर्षे टिकतो, असा समज अलीकडे पसरला आहे. तो भाबडा आहे. गूळ वाजवीपेक्षा जास्त झाला तर बुरशीला आयते अन्न मिळते.

व्हेनिसमध्ये विटांच्या भिंती खारे पाणी शोषतात, त्यामुळे तेथील कारागीर अस्तरात भाजलेल्या विटांचा चुरा घालत आले, म्हणजे सुरखीच. त्यावर संगमरवराची भुकटी मिसळलेला चुना, म्हणजे मार्मोरिनो. रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियसने वाळूचे तीन आणि संगमरवराचे तीन असे थर सांगितले होते. आज तेवढे कोणी देत नाही. विसाव्या शतकात कार्लो स्कार्पा (१९०६–७८) या व्हेनिसच्या वास्तुकाराच्या कामांतून घोटीव स्टुकोला, म्हणजे अशाच चुन्याच्या गिलाव्याला, नव्याने प्रतिष्ठा मिळाली आणि आधुनिक घरांत तो शोभू शकतो हे लोकांना दिसले.

राहत्या घरात हे काम काढताना नमुना कोणता, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो. आधी भिंत वाचावी लागते. करणीच्या दांड्याने ठोकत गेले की सुटलेला गिलावा बद्द वाजतो. तेवढा भाग विटेपर्यंत काढायचा. ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट असेल तर चुना त्याला धरत नाही. रंग खरवडून, भिंतीला टोचे मारून ती खडबडीत करावी लागते. पांढरा लोणा (ओलीबरोबर वर येणारा क्षार) फुलला असेल तर ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. शेजारच्या न्हाणीघरातली गळती तशीच ठेवून त्यावर घोटीव गिलावा करणे म्हणजे पैसे भिंतीत गाडणे. वायरिंग आणि नळाच्या झिऱ्या आधी भरून घ्यायच्या. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे जाळी बसवायची, नाहीतर त्या सांध्यावर सरळ रेषेत भेग येते आणि गुळगुळीत पृष्ठभागावर ती दुप्पट डोळ्यांत भरते.

अस्तर साधारण १० ते १२ मिलिमीटरचे. ते ओळंब्यात घेऊन, लाकडी रंध्याने घासून खरखरीत ठेवतात आणि पाणी मारत सावकाश पिकू देतात. भर उन्हाळ्यात ते पाणी टाकून तडकते, कोकणातल्या पावसाळ्यात वाळता वाळत नाही. दिवाळीनंतरचे महिने त्यातल्या त्यात बरे.

घोटाईचे थर मात्र मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ. अस्तर ओले करून पहिला थर, तो आवळला की दुसरा, कधी तिसरा. इथून पुढे गवंड्याचा अंदाज चालतो. बोट टेकवले तर ठसा उमटावा, पण चुना बोटाला लागू नये, ही घोटाईची वेळ. लवकर सुरुवात केली तर करणी थर ओढून नेते, उशीर केला तर कितीही जोर लावा, चमक येत नाही. करणी आधी जवळजवळ सपाट धरतात, मग तिची कड थोडी उचलून दाब वाढवतात. घासण्याचा खरखर आवाज हळूहळू बारीक होत जातो, शेवटी करणी निसटल्यासारखी सरकू लागते. साध्या लोखंडाची करणी पांढऱ्या चुन्यावर काळपट ओरखडे उठवते, म्हणून स्टेनलेस पोलादाची, कोपरे गोल केलेली करणी घेतात. आराइशमध्ये हेच काम अकीक दगडाने होते आणि शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरतो. तादेलाक्तवर ऑलिव्ह तेलाचा काळा साबण घासतात. साबण आणि चुना यांच्या संयोगातून पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो, म्हणूनच तो हमामखान्याच्या भिंतींवर चालतो.

एक भिंत एका दमात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुरी करावी लागते. उंच भिंतीला परांचीवर एक आणि खाली एक असे दोन गवंडी पुढेमागे सरकतात. मधेच जेवायला थांबले तर तो सांधा कायमचा दिसतो. काम चालू असताना पंखा बंद, खिडक्यांवर ओले पोते. डोळ्यांना चष्मा हवाच, चुन्याचा शिंतोडा डोळ्याला भाजतो.

रंग चुन्यात मिसळायचा असेल तर तो क्षार सोसणारा लागतो: गेरू, पिवळी माती, काजळी, लोहयुक्त खनिज रंग. वनस्पतिजन्य रंग बहुधा उडतात किंवा बदलतात. हळदीला चुना लागला की कुंकू होते, ते याच कारणाने. रंगाचे प्रमाण चुन्याच्या वजनाच्या दहाव्या भागापर्यंत ठेवतात, त्यापुढे थर कच्चा पडतो. ओला रंग वाळल्यावर बराच फिका होतो, म्हणून हातभर फळीवर नमुना करून तो पूर्ण वाळल्यावरच पसंती द्यावी.

बाजारात डब्यात मिळणारे बहुतेक ‘व्हेनेशियन’ लेप ॲक्रिलिकचे असतात. पुट्टीवर ते दोन दिवसांत होतात, नवख्या हातालाही जमतात आणि भाड्याच्या किंवा लवकर विकायच्या घरात तेच शहाणपणाचे. फक्त त्यांना चुन्याचे मोल देऊ नये. त्यांचा थर भिंतीतली वाफ सहजी बाहेर सोडत नाही. मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर ते लावले तर ओल आत कोंडून पोपडे धरतात. तशा भिंतीला चुनाच मानवतो, आणि सिमेंटचा गिलावाही तिच्यावर नको.

घोटीव भिंतीला ठिगळ लपत नाही. मधे कुठे टवका उडाला तर बहुधा कोपऱ्यापर्यंतचा वरचा थर नव्याने करावा लागतो, तेव्हा तसबिरींच्या जागा आधी ठरवून घेतलेल्या बऱ्या. पुसायला मऊ ओले फडके आणि सौम्य साबण पुरतो. लिंबू, व्हिनेगर किंवा न्हाणीघरात वापरायचे ॲसिड यांचा थेंबही चुन्याला खातो आणि चकाकीवर मंद डाग ठेवतो.