हरितगृह परिणाम : सांगली जिल्ह्याच्या संदर्भात

पृथ्वीच्या पृष्ठभागाकडून अवकाशाकडे निघालेली उष्णता वातावरणातील काही वायू शोषून घेतात आणि तिचा काही भाग पुन्हा जमिनीकडे टाकतात. या नैसर्गिक प्रक्रियेला हरितगृह परिणाम म्हणतात. ती नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले असते. प्रत्यक्षात ते १५ अंशांच्या जवळपास आहे. म्हणजे सुमारे ३३ अंशांची ऊब ही या वायूंचीच देणगी. काळजीचा विषय आहे तो माणसाने त्यात घातलेल्या भरीचा.

नाव मात्र थोडे फसवे आहे. ढोबळी मिरचीचे किंवा जरबेऱ्याचे पॉलीहाऊस, म्हणजे आपल्याकडचे हरितगृह, दुपारी तापते ते मुख्यतः गरम झालेली हवा आत कोंडल्यामुळे. बाजूचे पडदे गुंडाळले की ते निवते. साधा पॉलिथिनचा कागद तर उष्णतेचे अवरक्त किरण बऱ्याच अंशी आरपार जाऊ देतो, तरीही आत उकडतेच. अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये काचेचे आणि अवरक्त किरण आरपार जाऊ देणाऱ्या सैंधव मिठाच्या पत्र्याचे झाकण असलेल्या दोन पेट्या उन्हात ठेवून हाच मुद्दा दाखवला होता. वातावरण हवा कोंडत नाही, किरण अडवते. त्यामुळे हा परिणाम समजून घ्यायला पॉलीहाऊसपेक्षा हिवाळ्यातली रात्र बरी. जत-कवठेमहांकाळच्या माळावर डिसेंबरात आभाळ निरभ्र असले की पहाटे हुडहुडी भरते; आभाळ आले की थंडी पळते. ढग आणि बाष्प जमिनीची उष्णता परत खाली पाठवतात, म्हणून. द्राक्षबागायतदाराला हे कुणी शिकवावे लागत नाही.

कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा असतो आणि हे दोन्ही वायू अवरक्त किरणांना जवळजवळ अडवत नाहीत. अडवतात ते पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि ओझोन. जोसेफ फूरिए यांनी १८२४ मध्ये वातावरणाच्या या गुणाची कल्पना मांडली. युनिस फूट यांनी १८५६ मध्ये कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात जास्त तापते हे पाहिले, जॉन टिंडल यांनी १८५९ पासून वायूंचे उष्णताशोषण मोजले आणि स्वांते आऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये या वायूचे प्रमाण वाढले तर तापमान किती चढेल याचा हिशेब मांडला. वाफ या सर्वांत प्रबळ असली, तरी हवेत ती किती राहील हे तापमानच ठरवते. ती तापमानवाढ सुरू करत नाही, सुरू झालेलीला जोर देते.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या घरात होते. आज ४२० च्या पुढे गेले आहेत. ही भर मुख्यतः दगडी कोळसा, खनिज तेल आणि वायू जाळण्यातून आली. याला भक्कम पुरावा आहे : लक्षावधी वर्षे गाडलेल्या इंधनात किरणोत्सारी कार्बन-१४ उरत नाही आणि हवेतील त्याचे प्रमाण त्यानुसार पातळ होत गेले. सूर्यच जास्त तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. उलट स्थितांबर हा वरचा थर थंड होत आहे.

सांगली जिल्ह्यात ही भर कुठून जाते, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. साखर कारखान्याच्या चिमणीतून निघणारा बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, कार्बन उसाने वर्षभरात हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो कोळशाच्या पंगतीत बसत नाही. उसाचे पाचट पेटवले तरी कार्बन डायऑक्साइडपुरते तेच गणित लागू. पण अर्धवट ज्वलनातून मिथेन आणि काजळी निघते, शिवाय जमिनीत मुरू शकणारा सेंद्रिय कर्ब जातो. मोठा पण न दिसणारा वाटा युरियाचा. पाटपाण्याने चिंब झालेल्या उसाच्या सरीत हवा खेळत नाही आणि तिथले जिवाणू नत्राचे नायट्रस ऑक्साइड करतात. हा वायू वजनास वजन धरता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. गाई-म्हशींच्या रवंथातून मिथेन सुटतो; तो हवेत साधारण बारा वर्षे टिकतो, पण तेवढ्यात बराच प्रताप करतो. शेणातून निघणारा मिथेन गोबरगॅसच्या टाकीत पकडून चुलीला लावला तर निदान तेवढा वाचतो.

टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने दुष्काळी तालुक्यांत चढवतात. पंपांना वीज लागते आणि महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशावर होते. त्या पाण्यावर आटपाडी-जतची शिवारे हिरवी झाली, हेही तितकेच खरे.

परिणामांबाबत बोलताना तोल सांभाळावा लागतो. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून पाऊस येतो तेव्हा कोसळतो. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत भागावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालील अभ्यासात आढळले. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तो पूर केवळ तापमानवाढीच्या माथी मारणे सोपे, पण अपुरे. धरणांतील विसर्ग आणि पूररेषेतील बांधकामे यांचाही त्यात हात असतो.

महापूर नजरेत भरतो, पण बेदाणा अवकाळीच्या साध्या सरीनेही जातो. फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत तासगाव-कवठेमहांकाळच्या शेडवर द्राक्षे सुकायला कोरडी, वाहती हवा लागते. दमट हवा दोन दिवस टिकली की हिरवा-पिवळा माल काळवंडतो आणि सौद्यात त्याची पाटी वेगळी लागते.