काठी, शंभर मीटर आणि नऊ खुंट्या

आयसोनियाझिड हे क्षयाचं औषध. १९५०च्या दशकात अमेरिकेत ते मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे एमएसच्या, रुग्णांना देऊन पाहत होते. या आजारात प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. औषधाने फरक पडला का, हे ठरवायला आधी मोजपट्टी हवी. ती जॉन कर्ट्झकी या मेंदूविकारतज्ज्ञाने १९५५ साली मांडली. आयसोनियाझिडचा काही उपयोग नाही हे पुढे सिद्ध झालं, पट्टी मात्र टिकली. १९८३ साली त्यांनी ती आणखी बारीक केली, तीच आजची ईडीएसएस, म्हणजे एमएसमुळे आलेलं अपंगत्व मोजायची पट्टी.

शून्य म्हणजे तपासणीत काहीच दोष नाही, दहा म्हणजे एमएसमुळे मृत्यू. सुरुवातीचे गुण डॉक्टर दृष्टी, संवेदना, तोल, लघवीवरचा ताबा असं सगळं तपासून देतात. चारपासून पुढे मात्र मुख्य प्रश्न एकच: किती चालता? आधाराशिवाय ५०० मीटर जमलं तर ४. शंभर मीटरला एका बाजूला काठी लागली तर ६. दोन्ही बाजूंना आधार घेऊन जेमतेम २० मीटर, तर ६.५.

मला इथेच खटकतं. काठी घेऊन चालणाऱ्या बाईला वर्षभरात शर्टाचं बटण लावता येईनासं झालं, हिशेब डोक्यात राहीनासा झाला, तरी तिचा आकडा ६ वरच राहू शकतो. शिवाय पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. २ वरून ३ आणि ६ वरून ७ यांत अंतर एकच गुणाचं, पण दुसऱ्यात माणूस चाकाच्या खुर्चीत बसतो. म्हणून गुणांची सरासरी काढणं फसवं ठरतं.

ही उणीव भरायला १९९०च्या दशकात तीन चाचण्यांचा संच पुढे आला. २५ फूट, म्हणजे साधारण साडेसात मीटर, अंतर भरभर चालायला लागलेले सेकंद. नऊ खुंट्या भोकांत बसवून परत काढायला हाताला लागलेला वेळ. आणि दर तीन सेकंदांनी ऐकू येणारा अंक आधीच्या अंकात मिळवत जाणं. शेवटची चाचणी रुग्णांना इतकी नकोशी वाटते की तिच्या जागी हल्ली बऱ्याचदा ९० सेकंदांत चिन्हांना अंक जुळवायला देतात.

तरीही औषधांचा निकाल बहुधा ईडीएसएसवरच लागतो. झटक्यामुळे, म्हणजे लक्षणं अचानक बळावल्यामुळे, आकडा तात्पुरता चढू शकतो, म्हणून वाढ १२ किंवा २४ आठवडे टिकली तरच ती धरतात. ऑक्रेलिझुमॅब या एमएसवरच्या औषधाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुरुवातीपासून हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसचे रुग्ण होते. अशी टिकलेली वाढ औषध घेणाऱ्या ३२.९ टक्के लोकांत दिसली, न घेणाऱ्या ३९.३ टक्क्यांत. त्या चाचणीत प्रवेशच ३ ते ६.५ गुणांच्या लोकांना होता. ७ वर पोचलेल्यांना, ज्यांचा घास, चमचा, फोन सगळं हातांवरच अवलंबून आहे त्यांना, दारातच थांबावं लागलं.