चेंडूला खळगे, नौकेला गुळगुळीत अंग

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन खेळांचे कारागीर एकमेकांच्या अगदी उलट दिशेने राबत होते. गोल्फचे चेंडू बनवणारे पृष्ठभाग मुद्दाम ओबडधोबड करायचे, तर कॉलेजांच्या शर्यतींसाठी नौका बांधणारे तळ घासून घासून गुळगुळीत करायचे. दोघंही बरोबर होते.

गुट्टा-पर्चाचा, म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाचा चेंडू 1848 च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये आला. नवा गुळगुळीत चेंडू हवेत मध्येच ढेपाळायचा. फटक्यांचे ओरखडे पडलेला जुना चेंडू मात्र दूर जायचा. म्हणून कारागीर नव्या चेंडूवरच हातोडीने खाचा पाडू लागले. 1898 मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केलने ताणलेला रबरी धागा गुंडाळून चेंडू तयार केला. अशा चेंडूंवर पुढे बारीक उंचवटे आले. 1905 मध्ये लेस्टरच्या विल्यम टेलरने उंचवट्यांऐवजी खळग्यांसाठी पेटंटचा अर्ज केला.

चेंडूला लागून हवेचा एक पातळ थर असतो, त्याला सीमास्तर म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी ही कल्पना 1904 मध्ये मांडली. गुळगुळीत चेंडूवर हा थर शांतपणे वाहतो, पण त्यात जोर नसतो. चेंडूचा सर्वांत रुंद भाग येण्याच्या जरा आधीच तो पृष्ठभाग सोडतो. मागे कमी दाबाचा रुंद पट्टा तयार होतो आणि चेंडू मागे खेचला जातो. खळगे या थरात खळबळ माजवतात. बाहेरची वेगवान हवा आत मिसळते, थराला बळ येतं आणि तो चेंडूच्या मागच्या बाजूपर्यंत चिकटून राहतो. मागचा पट्टा अरुंद होतो, रोध (चेंडूला मागे खेचणारा हवेचा विरोध) जवळपास निम्म्यावर येतो. 1914 मध्ये गोटिंगेनला प्रांटल यांनी गुळगुळीत गोळ्यावर बारीक तारेचं कडं चढवून हेच दाखवलं. अडथळा वाढवला, तरी रोध घटला! मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो.

शिवाय उलटी फिरकी चेंडूला वर उचलून धरते, हे एडिंबराचे भौतिकशास्त्रज्ञ पी. जी. टेट यांनी 1890 च्या दशकातच सांगितलं होतं. खळग्यांमुळे ती फिरकी हवेवर नीट पकड घेते. खळगा असतो जेमतेम पाव मिलिमीटर खोल. त्यामुळे जुना चेंडू जाड रंगाने रंगवला की खळगे बुजतात आणि पल्ला कमी होतो.

आता नौका. हडसन नदीवर पोकिप्सीला 1895 पासून अमेरिकन कॉलेजांच्या शर्यती होऊ लागल्या. मुख्य शर्यत बहुतेक वर्षी चार मैलांची असे. आठ वल्हेकऱ्यांची नौका सुमारे 18 ते 19 मीटर लांब आणि रुंदीला साधारण 60 सेंटीमीटर. इतक्या निमुळत्या अंगामागे पाणी सुटून रुंद पट्टा होतच नाही. रोधाचा सुमारे 80 टक्के भाग असतो तळाशी होणाऱ्या घर्षणाचा. ताशी 20 किलोमीटर वेगाला सीमास्तर नाकापासून पहिल्या वीतभरातच खळबळीचा होतो. म्हणजे खळगे जे करतात ते इथे आपोआपच झालेलं असतं. वर आणखी खळगे पाडले तर नुसतं घर्षण वाढेल.

या वेगाला साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंतचा खडबडीतपणा पाण्याला जाणवत नाही. त्याहून मोठा वॉर्निशचा ओघळ, चिकटलेली धूळ किंवा चिखल लगेच जाणवतो. सिएटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठासाठी नौका बांधणारे जॉर्ज पोकॉक पुढे सीडरची जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीची फळी वापरत. इतक्या पातळ लाकडावर पॉलिश पेपर जोर लावून चालवता येत नाही, आणि तो चालवायचा तो रेषांच्या दिशेने, लांबीत. आडवा घासला तर लाकडाचे तंतू फाटतात आणि वॉर्निशखालूनही चरे दिसतात. वॉर्निशचे हात पातळ द्यावेत, प्रत्येक हात पुरता वाळू द्यावा आणि मगच हलकेच घासून पुढचा द्यावा. घाई केली तर खालचा ओला थर वरच्याला सुरकुत्या पाडतो.

धक्क्याला घासून चरा पडलाच, तर तो नाकाजवळ आहे की शेपटाकडे ते आधी बघावं. सीमास्तर नाकाजवळ सर्वांत पातळ असतो आणि मागे जाडावत जातो. त्यामुळे तेवढाच चरा पुढे जास्त वेग खातो, आणि दुरुस्तीलाही तोच आधी घ्यावा.