समर्स: कन्सल्टिंग आधी का येते, टेक उशिरा का

बिझनेस स्कूलमध्ये पाऊल टाकून जेमतेम तीन-चार महिने झालेले असतात, अकाउंटिंगची पहिली परीक्षा कशीबशी पार पडलेली असते आणि प्रश्न येऊन उभा राहतो: उन्हाळ्यातली इंटर्नशिप कन्सल्टिंगमध्ये करायची की टेकमध्ये? आयआयएमच्या भाषेत, ‘समर्स’ कुठे करणार? सल्ला देणारे सीनियर हा प्रश्न आवडीचा, स्वभावाचा म्हणून मांडतात. इतिहास पाहिला तर मला तो वेळापत्रकाचा जास्त वाटतो. यातल्या एका धंद्याने बिझनेस स्कूलच्या वर्षाभोवती स्वतःची बांधणी केली. दुसऱ्याला एमबीए लागतो की नाही, हे त्याचे त्यालाच अनेक वर्षे ठरवता आले नाही.

सुरुवात कन्सल्टिंगपासून. जेम्स मॅकिन्झी हे शिकागो विद्यापीठातले हिशेबशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९२६ मध्ये स्वतःची फर्म काढली. त्या काळी सल्लागार म्हणजे कारखान्यात, कचेरीत केस पांढरे झालेला माणूस. १९३३ च्या अमेरिकी बँकिंग कायद्याने व्यापारी बँका आणि गुंतवणूक बँका वेगळ्या केल्या. कंपन्यांच्या कारभाराची चौकशी करून सल्ला देण्याचे जे काम बँकर सहज करत, त्यात बाहेरच्या सल्लागारांना जागा मिळाली. त्याच वर्षी मार्विन बॉवर मॅकिन्झीत आले. हार्वर्डची कायद्याची पदवी आणि एमबीए अशी दोन्ही त्यांच्याकडे होती आणि क्लीव्हलँडच्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये त्यांनी काम केलेले होते. सल्लागारांची फर्म वकिलांच्या फर्मसारखी चालावी, हा ध्यास त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

त्याचे फळ १९५० च्या दशकात दिसले. १९५३ पासून मॅकिन्झीने अनुभवी माणसांऐवजी थेट कॉलेजातून बाहेर पडणारे ताजे एमबीए घ्यायला सुरुवात केली. निर्णय धाडसाचा होता, कारण पंचविशीतला पोरगा पन्नाशीतल्या कारखानदाराला काय शिकवणार? पण त्यामागे हिशेब होता. कोरी पाटी असलेल्या माणसाला आपल्या पद्धतीने घडवता येते, आणि ‘वर चढा, नाहीतर बाहेर पडा’ या लॉ फर्मच्या नियमाने दर काही वर्षांनी जागा आपोआप रिकाम्या होतात. म्हणजेच दर वर्षी, ठरलेल्या वेळी, ठरावीक संख्येने नवी भरती लागणारच. बाजार तेजीत असो वा मंदीत, पिरॅमिडचा पाया भरावाच लागतो. आजचे शॉर्टलिस्ट, केस प्रेपचे (मुलाखतीच्या तयारीचे) ग्रुप, रात्री दोन वाजेपर्यंत चालणारी मॉक इंटरव्ह्यूची रपेट या सगळ्याचे मूळ मला त्या हिशेबात दिसते.

१९६३ मध्ये ब्रूस हेंडरसन यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप (बीसीजी) उभा केला, एका बँकेचा विभाग म्हणून. तिथूनच बाहेर पडून बिल बेन यांनी १९७३ मध्ये बेन काढली. आता तीन फर्म त्याच चार-पाच कॉलेजांतल्या त्याच विद्यार्थ्यांमागे लागल्या. अशा वेळी जो आधी हात मारेल त्याचे फावते. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षामधला उन्हाळा हा हात मारण्याचा सोयीचा मुहूर्त ठरला: आठ-दहा आठवडे माणूस वापरून पाहायचा, पटला तर जाताना नोकरीचे पत्र हातात द्यायचे. आपल्याकडे त्यालाच पीपीओ, म्हणजे प्री-प्लेसमेंट ऑफर, म्हणतात. निवडीची परीक्षाही कॉलेजाच्या ओळखीचीच. हार्वर्डमध्ये १९२० च्या दशकात डीन वॉलेस डॉनम यांनी केस पद्धत, म्हणजे धंद्यातल्या खऱ्या प्रसंगावर वर्गात चर्चा करून शिकवणे, रुजवली होती. केस इंटरव्ह्यू हे तिचे अर्ध्या तासाचे भावंड.

टेकची कहाणी वेगळ्या गावाहून येते, साबणाच्या. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या नील मॅकेलरॉय यांनी १९३१ मध्ये एक टिपण लिहून मागणी केली की प्रत्येक ब्रँडची सगळी जबाबदारी एका माणसावर असावी. (हेच मॅकेलरॉय पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले.) टेक कंपन्यांतला प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे एका उत्पादनाची जबाबदारी सांभाळणारा माणूस, या ‘ब्रँड मॅन’चा वंशज मानला जातो. स्टीव्ह बामर यांचा प्रवास तर या दोन जगांना थेट जोडतो: दोन वर्षे प्रॉक्टर अँड गॅम्बल, मग स्टॅनफर्डचे एमबीए, आणि पहिले वर्ष झाल्यावर १९८० मध्ये मायक्रोसॉफ्ट. दुसऱ्या वर्षाला ते परतलेच नाहीत.

सिलिकॉन व्हॅलीचा एमबीएबद्दलचा संशय मात्र टिकून राहिला. गूगलमध्ये २००२ साली मरिसा मेयर यांनी प्रॉडक्ट मॅनेजर घडवण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, तो कॉम्प्युटर सायन्स शिकलेल्या ताज्या पदवीधरांसाठी होता. जागा निघाली की माणूस शोधायचा, हा तिथला रिवाज. पुढच्या जूनमध्ये किती इंटर्न लागतील, हे नोव्हेंबरात सांगायची त्यांना ना सवय ना गरज. अमेरिकेत कन्सल्टिंगच्या मुलाखती जानेवारीत उरकतात आणि टेकच्या बऱ्याच जागा वसंतात, अगदी एप्रिल-मेपर्यंत निघत राहतात, ते यामुळे.

मधल्या काळात लंबक दोनदा जोरात हलला. १९९९ मध्ये अँडरसन कन्सल्टिंगचे प्रमुख जॉर्ज शाहीन खुर्ची सोडून वेबव्हॅन या ऑनलाइन किराणा कंपनीत गेले. जिथे प्रमुखच निघाला, तिथे विद्यार्थ्यांचे काय! मार्च २००० मध्ये अमेरिकी शेअर बाजारातला नॅस्डॅक निर्देशांक शिखरावर पोहोचून कोसळला, जुलै २००१ मध्ये वेबव्हॅन दिवाळखोरीत गेली, आणि कन्सल्टिंग फर्मनीही नव्या लोकांच्या रुजू होण्याच्या तारखा पुढे ढकलल्या. दुसरा झोका २००८ चा. लेहमन ही गुंतवणूक बँक बुडाल्यावर वॉल स्ट्रीटची वाट अरुंद झाली आणि तिकडे जाणारी बरीच मुले टेककडे वळली. पुढच्या दशकात अ‍ॅमेझॉन एमबीएंची मोठी भरती करू लागली, तेव्हा कुठे ‘कन्सल्टिंग की टेक’ ही जोडी जुळली. त्याआधी प्रश्न ‘कन्सल्टिंग की बँक’ असाच असायचा.

भारतात तो आणखी वेगळा होता. १९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबाद इथे आयआयएम सुरू झाल्या. अहमदाबादला हार्वर्डचे सहकार्य होते, त्यामुळे केस पद्धत थेट आली. मुंबईत १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था उभी राहिली, चर्चगेटला, बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांपासून चालत जाता येईल अशा अंतरावर. त्या पिढ्यांची स्वप्ने हिंदुस्थान लिव्हर नाहीतर सिटीबँक अशी असत. १९९१ च्या उदारीकरणानंतर मॅकिन्झी, बीसीजी यांनी मुंबईत बस्तान बसवले आणि मग त्या कॅम्पसवर भरतीच्या पहिल्या दिवशी येऊ लागल्या.

अहमदाबादने पुढे कंपन्या क्षेत्रानुसार कोहॉर्टमध्ये (गटांत) आणि कोहॉर्ट क्लस्टरमध्ये (एकामागून एक होणाऱ्या फेऱ्यांत) बसवले. पहिल्या क्लस्टरमध्ये बहुधा कन्सल्टिंग आणि इन्व्हेस्टमेंट बँका असतात. हाती ऑफर असताना नंतरच्या क्लस्टरमधल्या कंपनीसाठी ‘ड्रीम’ अर्ज करता येतो, पण पहिल्या फेरीत दमलेली आणि एकदाची सुटका झालेली मुले तो किती वेळा करत असतील? हैदराबादच्या आयएसबीसारख्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात ही कटकटच नाही, कारण मधला उन्हाळाच नाही.

मराठी घरांतून जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली, आणि पुढे हिंजवडीने त्या इंजिनियरांना नोकऱ्या दिल्या. तिथे दोन-तीन वर्षे काढून एमबीएला गेलेल्या मुलाला टेक म्हणजे ‘परत तिथेच’ वाटते. प्रॉडक्टचे काम जुन्या सपोर्टच्या कामापेक्षा पूर्ण वेगळे असते, हे घरी समजावणे कठीण. कन्सल्टिंग म्हणजे नेमके काय, हेही घरी कोणाला कळत नाही. पण ते निदान नवे तरी असते.

टेकच्या शब्दावर किती विसंबायचे, याचा धडा मे २०१६ मध्ये मिळाला. फ्लिपकार्टने कॅम्पसवरून निवडलेल्यांची रुजू होण्याची तारीख जूनवरून डिसेंबरवर नेली. आयआयएम अहमदाबादने कंपनीला पत्र लिहून नाराजी कळवली. आपल्याकडे त्याची बातमी झाली, कारण स्टार्टअप हा शब्द तेव्हा घराघरांत नुकता पोहोचत होता.

अमेरिकेत शिकणाऱ्यांपुढे व्हिसाचे गणितही असते. २०१६ पासून स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित) शाखांच्या पदवीधरांना विद्यार्थी व्हिसावरच एकूण ३६ महिने काम करता येते. २०१८ नंतर अनेक एमबीए अभ्यासक्रमांनी स्टेमचा शिक्का मिळवला. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत एकाऐवजी दोन-तीनदा नाव टाकता येणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि उशिरा ठरणाऱ्या टेक नोकरीची जोखीम त्यामुळे थोडी पेलवते.

मग २०२२-२३ आले. मेटाने ११,००० आणि गूगलने १२,००० माणसे कमी केली. अ‍ॅमेझॉनचा आकडा १८,००० च्या वर गेला. टेक सोडून कन्सल्टिंगकडे धावलेल्यांना तिथेही मॅकिन्झीतली कपात आणि पुढे गेलेल्या तारखा दिसल्या. १९५० च्या दशकातला तो हिशेब दर वर्षी भरती होईल एवढेच सांगतो; कधी रुजू व्हायचे, ते फर्म ठरवते.

बाकी, पहिल्या उन्हाळ्याने आयुष्य ठरते असेही नाही. सुंदर पिचाई व्हॉर्टनमधून एमबीए होऊन आधी मॅकिन्झीत होते. २००४ मध्ये ते गूगलमध्ये गेले. उलट दिशेने मॅकिन्झीनेच २०१५ मध्ये क्वांटमब्लॅक ही डेटा कंपनी विकत घेतली, त्यामुळे आज कन्सल्टिंगचा पर्याय निवडलेला एखादा इंटर्न दिवसभर डेटा सायंटिस्टांच्या टीममध्ये बसलेला सापडू शकतो.